जुन्या वर्कस्टेशनवर नेटवर्कवरून ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना अडलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी एका खोलीत सन कंपनीची दोन स्पार्कस्टेशन आणि एक अल्ट्रा ५, एक सिलिकॉन ग्राफिक्स इंडी आणि एक डेक अल्फा आहे. पाचही चालू स्थितीत आहेत आणि पाचांवरही ऑपरेटिंग सिस्टिम नेटवर्कवरूनच टाकलेली आहे. पुण्यात अशी मशीन बाळगणारे आणखी बरेच जण आहेत. त्यांचे फोन येतात तेव्हा प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची नीट लिहून ठेवतोय. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.

सीडी असताना नेटवर्कच्या भानगडीत कशाला पडायचं?

सीडी असते, पण ती वाचणारा ड्राइव्ह नसतो. सन आणि सिलिकॉन ग्राफिक्सच्या जुन्या मशीनना ५१२ बाइटच्या ब्लॉकने वाचणारा स्कझी ड्राइव्ह लागतो, साधा २०४८ बाइटवाला चालत नाही. जे योग्य ड्राइव्ह उरलेत त्यांची लेन्स तरी धूसर झालेली असते, नाहीतर ट्रेचा पट्टा सैल पडलेला असतो. नेटवर्क बूटला मशीनच्या बाजूने एक केबल पुरते, बाकी सगळं सर्व्हरवर राहतं आणि तिथे चूक दुरुस्त करणं सोपं जातं. स्कझी ड्राइव्हची नक्कल करणारी मेमरी कार्डवाली बोर्डं आता मिळतात. ती चांगली आहेत आणि घाई असेल तर जरूर वापरा. पण एकदा नेटवर्कची घडी बसली की पाचवं मशीनही त्याच सर्व्हरवरून अर्ध्या तासात उभं राहतं.

‘बूट नेट’ म्हटल्यावर आत नक्की काय होतं?

हे एकदा समजून घ्या, कारण पुढची सगळी उत्तरं यावरच उभी आहेत. ‘बूट नेट’ म्हणजे मशीनला नेटवर्कवरून सुरू व्हायला सांगणारी कमांड. स्पार्कस्टेशनचं उदाहरण घेऊ. मशीन जागं होतं तेव्हा त्याला फक्त आपला इथरनेट पत्ता माहीत असतो, आयपी नसतो. म्हणून ते आख्ख्या केबलवर ओरडून विचारतं, ‘हा माझा इथरनेट पत्ता, माझा आयपी कोणता?’ हा झाला आरएआरपी, १९८४ सालचा प्रोटोकॉल. सर्व्हरने आयपी सांगितला की मशीन टीएफटीपीने (फाइल पाठवायचा अगदी साधा प्रोटोकॉल) बूटची छोटी फाइल मागतं. ती फाइल चालू झाली की ‘माझं नाव काय, माझी रूट डिरेक्टरी कुठे आहे?’ हे सर्व्हरवरच्या बूटपॅरम्स या सेवेला विचारते. मग एनएफएसने (नेटवर्कवरून डिरेक्टरी वापरू देणारी सेवा) ती डिरेक्टरी माउंट होते, कर्नल येतो आणि इन्स्टॉलर सुरू होतो.

चार सेवा, चार वेगळे प्रोग्रॅम, चार वेगळ्या सेटिंग फाइली. अडलेल्या मशीनकडे पाहून ‘नेटवर्क बूट चालत नाही’ असं म्हणण्यात काही हशील नाही. चारांपैकी कुठल्या पायरीवर थांबलं ते आधी शोधायचं आणि तेवढ्याच पायरीवर काम करायचं. एकाच वेळी तीन सेटिंग बदलली, तर मशीन चालू झालं तरी ते कशामुळे झालं हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

सिलिकॉन ग्राफिक्स, डेक अल्फा आणि नंतरची एचपी मशीन आरएआरपीऐवजी बूटपी वापरतात. हा १९८५ चा. त्यात आयपी आणि फाइलचं नाव एकाच उत्तरात येतं.

कुठल्या पायरीवर अडलं ते ओळखायचं कसं?

सर्व्हरवर टीसीपीडंप लावा, म्हणजे केबलवरची पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम. दुसरा उपाय सांगणार नाही, कारण मला दुसरा माहीत असूनही मी तो वापरत नाही. जुन्या मशीनचा इथरनेट पत्ता देऊन फक्त त्याचीच पॅकेट पाहायची, आणि इथरनेट पत्ते दाखवणारा ‘-ई’ पर्याय जोडायचा. मग ‘बूट नेट’ द्या आणि वाचत बसा. काहीच दिसलं नाही तर दोष केबल, स्विच किंवा मशीनच्या पोर्टमध्ये. विचारणा दिसते पण उत्तर जात नाही, तर दोष सर्व्हरच्या सेटिंगमध्ये. उत्तर जातं तरी मशीन तेच पुन्हा विचारत राहतं, तर उत्तर त्याच्यापर्यंत पोचत नाही किंवा पोचूनही त्याला पटत नाही. हे तीन प्रकार वेगळे करता आले की निम्मं काम झालं.

सर्व्हर म्हणून काय वापरू?

माझं मत ठाम आहे: नेटबीएसडी, ही युनिक्सच्या घराण्यातली फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. एखाद्या जुन्या लॅपटॉपवर टाका. आरएआरपी, बूटपॅरम्स, टीएफटीपी, एनएफएस, डीएचसीपी, शिवाय व्हॅक्ससाठी लागणारा मॉप आणि जुन्या एचपीसाठी लागणारा आरबूट, हे सगळं मूळ सिस्टिममध्येच येतं. लिनक्सवरही जमतं, मी बरीच वर्षं तेच करत होतो, पण प्रत्येक सेवा वेगळी शोधून बसवावी लागते आणि नव्या आवृत्त्यांत जुन्या प्रोटोकॉलचा एकेक दरवाजा बंद होत चाललाय.

व्हर्च्युअल मशीनमध्ये सर्व्हर ठेवायचा असेल तर त्याचं नेटवर्क ब्रिज्ड ठेवा, म्हणजे तो थेट केबलवर असल्यासारखा दिसेल. नॅटमध्ये ठेवलंत तर जुन्या मशीनची हाक त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. आणि ब्रिज वायफायवर बांधू नका. आरएआरपी हा आयपीच्या खालच्या थराचा प्रोटोकॉल आहे, वायफायवरच्या ब्रिजमधून तो बहुतेक वेळा पलीकडे जात नाही. एक यूएसबी इथरनेट ॲडॅप्टर घ्या आणि केबलने जोडा.

घरच्या इंटरनेटच्या राउटरलाही यात घेऊ नका. बूटपीच्या मशीनला राउटरमधला डीएचसीपी आधी उत्तर देऊन मोकळा होतो आणि त्यात बूट फाइलचा पत्ताच नसतो. वेगळा छोटा स्विच, त्यावर फक्त सर्व्हर आणि जुनं मशीन. पुढे आयरिक्ससाठी (सिलिकॉन ग्राफिक्सची ऑपरेटिंग सिस्टिम) पासवर्डशिवायची खाती उघडावी लागतात, तेव्हाही हा वेगळेपणा कामी येतो.

‘टाइमआउट वेटिंग फॉर एआरपी/आरएआरपी पॅकेट’ ही ओळ सारखी येतेय. काय करू?

सगळ्यात जास्त फोन याच ओळीचे असतात, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी केबल आणि स्विच. स्पार्कस्टेशनचा पोर्ट १० मेगाबिटचा आहे. हल्लीचे काही वेगवान स्विच, विशेषतः अडीच आणि दहा गिगाबिटवाले, १० मेगाबिटपर्यंत खाली उतरतच नाहीत. दिवा लागला नाही तर मध्ये एक जुना १०/१०० स्विच घाला. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत असला स्विच अजूनही सहज मिळतो. जुना हब मिळाला तर त्याहून बरं, कारण त्यावर तिसऱ्या मशीनवरूनही सगळी पॅकेट दिसतात. आरजे-४५ नसलेल्या मशीनना पंधरा पिनांच्या एयूआय पोर्टवर ट्रान्सिव्हर लावावा लागतो. त्याची सरकणारी खिटी नीट बसली नसेल तर तो स्वतःच्या वजनाने खाली झुकतो आणि संपर्क तुटतो. हाताने किंचित वर उचलून पाहा.

मग ओके प्रॉम्प्टवर (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होण्याआधी सनचं मशीन ‘ओके’ लिहून कमांडची वाट पाहतं तिथे) ‘वॉच-नेट’ द्या. केबलवर रहदारी असेल तर प्रत्येक चांगल्या पॅकेटला एक टिंब उमटतं, बिघडलेल्याला फुली. सर्व्हरवरून ब्रॉडकास्ट पिंग चालू ठेवा आणि टिंबं येतात का पाहा. टिंबं आली की पोर्ट, केबल, स्विच या तिघांनाही निर्दोष समजायचं.

व्यवस्थापन करता येणारा महागडा स्विच असेल तर त्याचा स्पॅनिंग ट्री (जोडणीत चक्र होऊ न देणारी सोय) तपासा. पोर्टला लिंक मिळाल्यावर जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री पंधरा सेकंद ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो आणि मगच पॅकेट पुढे सोडतो. प्रॉम, म्हणजे मशीनमधलं कायमचं फर्मवेअर, बूटच्या वेळी लिंक नव्याने उभी करतो, त्यामुळे त्याच्या सुरुवातीच्या हाका या तीस सेकंदांत गडप होतात. त्या पोर्टवर ही वाट पाहणं टाळणारी पोर्टफास्टची सोय चालू करा, किंवा सरळ साधा स्विच वापरा.

केबल ठीक असेल तर सर्व्हरकडे वळा. ‘ईथर्स’ फाइलमध्ये इथरनेट पत्ता आणि नाव, ‘होस्ट्स’ फाइलमध्ये तेच नाव आणि आयपी. दोन्हीकडे नाव अक्षरशः एकच हवं. आरएआरपी सर्व्हर योग्य इंटरफेसवर ऐकतोय का? लॅपटॉपला दोन कार्डं असतील तर तो भलत्याच कार्डावर बसलेला असू शकतो. आणि लिनक्सवर एक खास अडचण आहे: तिथला आरएआरपीडी टीएफटीपीच्या डिरेक्टरीत त्या आयपीच्या नावाची बूट फाइल आहे का ते आधी बघतो आणि नसेल तर गप्प बसतो. सेटिंग बरोबर असूनही उत्तर जात नाही, ते यामुळे. ‘-ई’ पर्यायाने ही तपासणी बंद होते.

फायरवॉल मात्र इथे दोषी नसतो. साधा फायरवॉल आयपीची पॅकेट गाळतो, आरएआरपी आयपी नाहीच. त्याची पाळी पुढच्या पायरीवर येते.

विचारणा दिसते, उत्तरही जाताना दिसतं, तरी मशीन तेच विचारत राहतं. हे कसं काय?

असं माझ्याकडे झालं होतं. स्पार्कस्टेशन ५ एकटं लावलं की झटकन बूट व्हायचं, खोलीतली बाकी मशीन चालू असली की टाइमआउट. दोन संध्याकाळी केबली बदलण्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी एक मित्र आला, टीसीपीडंपच्या ओळींकडे पाच मिनिटं बघत बसला आणि म्हणाला, ‘अरे, दुसरं मशीन एनएफएस वापरतंय, त्याच्याच पत्त्यावरून ही विचारणा येतेय. तुझी दोन मशीन एकच पत्ता सांगतायत.’ दोघांचीही एनव्हीरॅमची (पत्ता आणि सेटिंग जपणारी चिप) बॅटरी संपली होती आणि दोघांनाही मीच हाताने पत्ता भरला होता. कागदावर लिहून ठेवलेला एकच. स्विचला एक पत्ता दोन पोर्टवर दिसत होता, तो उत्तर कधी इकडे पाठवायचा, कधी तिकडे.

तेव्हापासून प्रत्येक मशीनच्या कॅबिनेटला आतून त्याचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली आहे. तुम्हीही चिकटवा.

बॅनरमध्ये इथरनेट पत्ता सगळा एफएफ-एफएफ दिसतो. मशीन गेलं का?

नाही, मशीन शाबूत आहे. सनच्या मशीनमध्ये घड्याळ, सेटिंग आणि इथरनेट पत्ता एकाच चिपमध्ये असतात आणि त्या चिपच्या पोटात बॅटरी असते. जुन्यांत एम४८टी०२, मधल्यांत एम४८टी०८, अल्ट्रामध्ये एम४८टी५९. बॅटरी संपली की पत्ता जातो आणि आयडीप्रॉम (मशीनची ओळख साठवलेला त्या चिपचा भाग) अवैध असल्याची तक्रार येते. असा एफएफवाला पत्ता म्हणजे इथरनेटच्या भाषेत ब्रॉडकास्ट, त्यामुळे त्या पत्त्यावरून बूट होणं शक्यच नाही.

तात्पुरता उपाय ओके प्रॉम्प्टवर ‘एमकेपी’ कमांडने पत्ता एकेक बाइट भरण्याचा. सनचे पत्ते ०८:००:२० ने सुरू होतात, पुढचे तीन बाइट चिपवरच्या किंवा कॅबिनेटवरच्या स्टिकरवरून घ्या. स्टिकर नसेल तर स्वतः ठरवा, फक्त प्रत्येक मशीनला वेगळे. शेवटी चेकसम भरावा लागतो: आधीचे पंधराही बाइट एक्सऑर करून येणारी किंमत. तो चुकला तर सगळं भरूनही तक्रार तशीच राहते, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. वीज गेली की हे सगळं पुन्हा भरावं लागतं.

कायमचा उपाय म्हणजे चिप बदलणं, किंवा त्याच चिपला बाहेरून सीआर२०३२ चा होल्डर जोडणं. चिप सॉकेटमध्ये असते, सपाट पेचकसाने दोन्ही टोकांकडून आळीपाळीने हलकेच उचलून काढा. वरचं काळं रेझिन बारीक पात्याच्या करवतीने, कागदाच्या पानाएवढा पातळ एकेक थर करत कापायचं. बॅटरीची चकचकीत पत्री दिसायला लागली की थांबायचं. मल्टिमीटरने धन-ऋण तपासायचं, जुन्या बॅटरीचा संबंध पूर्ण तोडायचा आणि मगच नवी जोडायची. पहिल्यांदा मला तीन तास लागले होते. जुनी बॅटरी समांतर राहिली तर नवी महिन्याभरात बसते, तेव्हा ते तोडणं टाळू नका.

इंडीमध्येही असाच प्रकार आहे, तिथे डॅलसची घड्याळ-चिप असते. त्या मशीनचे पत्ते ०८:००:६९ ने सुरू होतात.

आयपी मिळाला, पण फाइल येत नाही.

फाइलचं नाव तपासा. सनचं मशीन आपला आयपी सोळा आधाराच्या अंकांत, मोठ्या लिपीत लिहून त्या नावाची फाइल मागतं. १९२.१६८.१.१० साठी ‘सी० ए८ ०१ ०ए’, मध्ये जागा न सोडता. अल्ट्राला एवढंच पुरतं. स्पार्कस्टेशनच्या पिढीला त्यापुढे टिंब आणि मशीनची जात लागते, म्हणजे ‘सन४सी’ किंवा ‘सन४एम’, तेही मोठ्या लिपीत. लहान लिपीत लिहिलंत तर सर्व्हर ‘फाइल नाही’ म्हणतो आणि ते टीसीपीडंपमध्ये स्पष्ट दिसतं. तिथे मागितलेलं नाव जसंच्या तसं वाचता येतं, ते बघूनच फाइलचं नाव ठेवा. डोक्यात रूपांतर करत बसू नका.

नाव बरोबर असेल तर लिंक बघा. टीएफटीपी सर्व्हर आपल्या डिरेक्टरीलाच मूळ समजून चालतो, त्यामुळे पूर्ण मार्ग दिलेली सिम्बॉलिक लिंक आतून तुटलेली असते. सापेक्ष मार्गाची लिंक करा, किंवा फाइलची प्रतच ठेवा. फाइल सगळ्यांना वाचता येतेय ना तेही पाहा.

आणि आता फायरवॉल. टीएफटीपीची मागणी यूडीपी ६९ वर येते, पण सर्व्हर उत्तर दुसऱ्याच पोर्टवरून देतो. फक्त ६९ उघडून भागत नाही. वेगळ्या स्विचवर असाल तर त्या कार्डापुरता फायरवॉल सरळ बंद ठेवा.

इंडी बूटपीचं उत्तर घेते, पण टीएफटीपी जागच्या जागी अडकतं. सर्व्हर तर दुसऱ्या मशीनला बरोबर फाइल देतोय.

सिलिकॉन ग्राफिक्सच्या जुन्या प्रॉममध्ये दोन उणिवा आहेत आणि दोन्ही आधुनिक लिनक्स सर्व्हरसमोरच उघड्या पडतात. पहिली, सर्व्हरने ३२७६७ च्या वरचा पोर्ट निवडला की प्रॉमचा हिशोब चुकतो, बहुधा आकडा ऋण समजला जातो. टीएफटीपी सर्व्हरला पोर्टची मर्यादा घालून द्या. टीएफटीपीडी-एचपीए आणि डीएनएसमास्क दोघांतही तशी सोय आहे. किंवा कर्नलच्या ‘आयपी लोकल पोर्ट रेंज’मध्ये २०४८ ते ३२७६७ लिहा. दुसरी, लिनक्स पाथ एमटीयू शोधण्यासाठी पॅकेटवर ‘तुकडे करू नका’ अशी खूण लावतो आणि प्रॉम अशी पॅकेट सरळ टाकून देतो. कर्नलच्या ‘आयपी नो पीएमटीयू डिस्क’मध्ये १ लिहिलं की खूण जाते.

कधी बूट होतं, कधी होत नाही असं वागणं दिसलं तर पहिल्या उणिवेवर संशय घ्या. सर्व्हरला खालचा पोर्ट मिळाला की जमतं, वरचा मिळाला की नाही. एका ओळखीच्यांनी यापायी इंडीचा मदरबोर्ड बदलायला काढला होता.

प्रॉममधला ‘नेटॲडर’ आणि सर्व्हरवर लिहिलेला आयपी एकच ठेवा, नाहीतर मशीन एक सांगतं आणि सर्व्हर दुसरं.

फाइल आली, पण ‘एक्झिक्युटेबल दिसत नाही’ असं म्हणून थांबलं.

चुकीच्या जातीची फाइल दिलीय. ३२ बिट स्पार्क आणि ६४ बिट अल्ट्रास्पार्कचे बूट प्रोग्रॅम वेगळे असतात. इन्स्टॉलच्या डिरेक्टरीतून नेटवर्क बूटचीच फाइल घेतलीत का तेही पाहा, डिस्कवरून बूट करायची शेजारीच पडलेली असते. डाउनलोड अर्धवट झालं असेल तर हेच होतं, तेव्हा फाइलचा आकार ताडून पाहा.

बूट प्रोग्रॅम सुरू होतो, पण रूट माउंट होत नाही.

बूटपॅरम्सची फाइल उघडा. मशीनचं नाव ‘होस्ट्स’मधल्याशी जुळतंय ना, रूटचा मार्ग बरोबर आहे ना. लिनक्सवर असाल तर आरपीसीबाइंडकडेही (कुठली सेवा कुठल्या पोर्टवर आहे ते सांगणारा प्रोग्रॅम) लक्ष द्या. जुनं मशीन बूटपॅरम्सला थेट गाठत नाही, आरपीसीबाइंडलाच ‘माझा प्रश्न पुढे दे’ म्हणतं. नव्या आवृत्त्यांत ही सोय सुरक्षेसाठी बंद ठेवलेली असते आणि ‘-आर’ पर्यायाने चालू करावी लागते.

एनएफएसचे दोन अडथळे. जुन्या मशीनना दुसरी आवृत्ती लागते आणि तीही यूडीपीवर. नव्या लिनक्समध्ये दोन्ही बहुधा बंदच असतात. दुसरं, एक्स्पोर्टवर ‘नो रूट स्क्वॉश’ नसेल तर मशीन रूट म्हणून वाचायला जातं आणि सर्व्हर त्याला परका समजतो. माउंट होतं आणि लगेच परवानगी नाकारल्याच्या ओळी येतात, ही त्याची खूण. या पायरीवर लिनक्सशी दिवसभर झगडण्यापेक्षा नेटबीएसडीचा लॅपटॉप लावलेला बरा.

आयरिक्स टाकताना वेगळं काय?

बरंच वेगळं आहे. आयरिक्सच्या सीडी ईएफएस फाइलसिस्टिमच्या असतात. लिनक्सला ती वाचता येते, फक्त वाचण्यापुरती. प्रत्येक सीडीची ‘डिस्ट’ डिरेक्टरी सर्व्हरवर वेगळ्या नावाने उतरवून ठेवा. पहिल्यांदा ‘एफएक्स’ बूट करून डिस्कचे भाग पाडावे लागतात, त्यात रूट ड्राइव्हची मांडणी निवडायची. एफएक्सही मशीनप्रमाणे वेगळा: इंडीला एआरसीएस आवृत्ती, ऑक्टेनला ६४ बिट. मग देखभालीच्या मेन्यूतून सिस्टिम सॉफ्टवेअर बसवा, रिमोट डिरेक्टरी निवडा. मिनिरूट (इन्स्टॉलपुरती छोटी सिस्टिम) डिस्कच्या स्वॅप भागात उतरतो आणि त्यातून ‘इन्स्ट’ हा इन्स्टॉलर चालू होतो.

इथून पुढे तो टीएफटीपी सोडून आरएसएच (दुसऱ्या मशीनवर कमांड चालवायची जुनी सेवा) वापरतो. सर्व्हरवर पासवर्ड न मागणारं ‘गेस्ट’ खातं आणि चालू आरएसएच सेवा लागते. मिनिरूट आला पण इन्स्टला डिरेक्टरी सापडत नाही अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के वेळा कारण हेच असतं.

इन्स्टमध्ये घाई करू नका. फाउंडेशनच्या (मूळ सीडींच्या) दोन्ही, ओव्हरलेच्या (सुधारणांच्या सीडींच्या), अशा सगळ्या डिरेक्टरी आधी ‘ओपन’ने उघडा आणि मगच ‘गो’ म्हणा. ओव्हरले राहून गेल्या तर संघर्षांची भलीमोठी यादी येते आणि ती एकेक सोडवत बसण्यात अर्थ नसतो. आणि इंडीवर ६.५.२२ च्या पुढे जाऊ नका. शेवटची ६.५.३० आवृत्ती २००६ ची आहे, पण ती या पिढीच्या मशीनसाठी नाही.

अल्फा, व्हॅक्स आणि एचपीचं काय?

अल्फावर एसआरएम कन्सोल (युनिक्ससाठीचं फर्मवेअर) हवा. विंडोज एनटीसाठी विकलेली मशीन दुसऱ्याच फर्मवेअरवर उघडतात, आधी एसआरएमवर आणा. ‘शो डेव्ह’ने इथरनेट पत्ता मिळतो, ‘ईडब्ल्यूए०_मोड’मध्ये केबलचा प्रकार नीट लिहा आणि प्रोटोकॉल बूटपी ठेवा. मोड चुकला की पॅकेट बाहेरच पडत नाही.

व्हॅक्सस्टेशन, म्हणजे डेकचं अल्फाआधीचं मशीन, मॉप या डेकच्याच प्रोटोकॉलने बोलतं. यात आयपी नाहीच, त्यामुळे आयपीची कुठलीही तपासणी इथे निरुपयोगी. नेटबीएसडीचा मॉपडी लावा आणि फाइलला मशीनच्या इथरनेट पत्त्याचं नाव द्या. एचपी ९००० मध्ये जुन्या फर्मवेअरला आरबूट लागतो, नंतरच्यांना बूटपी चालतो. बूटपीची विचारणा कधीच दिसली नाही तर आरबूटडी लावून बघा.

मॉनिटर नाही. चालेल का?

उत्तम चालेल. सनच्या मशीनचा कीबोर्ड काढून ठेवा, ते आपोआप पहिल्या सिरीयल पोर्टवर बोलायला लागतं. ९६०० वेग, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, नल मॉडेम केबल. ‘स्टॉप-ए’च्या जागी टर्मिनलमधून ब्रेक पाठवायचा. मी तर मॉनिटर असूनही सिरीयलच वापरतो, कारण प्रत्येक ओळ लॉगमध्ये राहते.

स्पार्कस्टेशनवर शेवटी टाकू काय?

रोज वापरायचं आणि शिकायचं असेल तर नेटबीएसडी, ३२ बिट स्पार्कला तो अजूनही सांभाळतो. त्या काळचं वातावरण जसंच्या तसं हवं असेल तर सोलारिस, ही सनची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम. सन४सी साठी सोलारिस ७ पर्यंत, सन४एम साठी ९ पर्यंत. सोलारिस १० ला ६४ बिट स्पार्कच लागतो, म्हणजे अल्ट्रा.

पुण्यात सुटे भाग, केबली कुठे मिळतात?

नल मॉडेम केबल, कनेक्टर, सीआर२०३२ चे होल्डर, सोल्डरिंगचं सामान बुधवार पेठेत, पासोड्या विठोबा आणि तपकीर गल्लीच्या आसपास. केबल तयार मिळाली नाही तर पिनांचा नकाशा कागदावर काढून न्या. आख्खं मशीन हवं असेल तर बुधवारी आणि रविवारी जुना बाजार पालथा घाला, पण सकाळी लवकर. दुपारपर्यंत भंगारवाल्यांनी तांब्यासाठी पॉवर सप्लाय फोडलेले असतात. हे सांगताना जीव तुटतो, कारण अशी मशीन या शहरात कमी नव्हती. सी-डॅकने १९९८ मध्ये इथे उभा केलेला परम १०००० हा महासंगणक सनच्या अल्ट्रास्पार्क मशीनचेच नोड जोडून बनवलेला होता. त्या पिढीची मशीन कुणाच्या कार्यालयात माळ्यावर पडलेली दिसली तर विचारून तर बघा.

आणलेलं मशीन लगेच विजेला लावू नका. पावसाळा इथे चार महिने मुक्कामाला असतो, मेमरीच्या पट्ट्यांवर आणि सॉकेटवर काळसर थर चढतो. पट्ट्या काढून संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॉवर सप्लाय उघडून कपॅसिटर फुगलेत का बघा. इन्स्टॉल चालू असताना यूपीएस लावा. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, म्हणून मी आयरिक्स गुरुवारी कधीच टाकायला घेत नाही.

सगळं करून पाहिलं, तरी होत नाही. मदत मागताना काय पाठवू?

मशीनचं नाव आणि प्रॉमची आवृत्ती, ‘बॅनर’चा पूर्ण मजकूर, सिरीयल कन्सोलचा लॉग आणि त्याच वेळचा टीसीपीडंप. स्क्रीनचा तिरका फोटो नको, मजकूर पाठवा. सर्व्हर कोणता, मध्ये कुठला स्विच, तेही लिहा. टीसीपीडंप ‘बूट नेट’ देण्याआधी चालू करा आणि मशीन पूर्ण थांबेपर्यंत चालू ठेवा, कारण कामाची ओळ बहुधा शेवटच्या दहांत असते.